खरपुडीचा लांबवलेला पावसाळा

१

आमच्या शारजातल्या बाल्कनी-बागवाल्यांच्या ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, "तानूताई, खरपुडीचा एखादा कंद मिळेल का?" मिळणार नाही. का नाही ते पुढे येईल. पण लावायची कशी ते सगळं सांगते. तानूबाईने विद्या लपवून ठेवली असं कोणी म्हणायला नको.

खरपुडी हा नाजूक वेल. मराठी पुस्तकात कंदीलपुष्प म्हणतात, इंग्रजी पुस्तकात सेरोपेजिया. मी चौथी पास. मराठी पुस्तकं भिंग लावून वाचली, इंग्रजी नातीकडून वाचून घेतली, बाकीचं डोळ्यांनी शिकले. सह्याद्रीत हिच्या बऱ्याच जाती आहेत, काही एखाद्या डोंगरापुरत्याच. माझी कोणती ते मला ठाऊक नाही. पुण्याच्या एका प्राध्यापकांना फोटो पाठवले, तर म्हणाले फूल सुकवून पोस्टाने पाठवा. मी म्हटलं, तुम्हीच या शारजाला. आले नाहीत.

कंद मी डोंगर उकरून आणलेला नाही. माहेरी, भोरच्या वरच्या अंगाला, भावजयीने अळकुड्या बांधून दिल्या होत्या, त्यात मिसळून आला. चपटा, लहान बटाट्याएवढा. लहानपणी आम्ही असले कंद कच्चेच खायचो. हा खाल्ला नाही, कारण त्याला कोंब होता.

निम्मी वाळू, निम्मं पालापाचोळ्याचं खत, पाणी खाली साठता कामा नये. इथलं टाकीचं पाणी उन्हाळ्यात चहाला चालेल इतकं कढत आणि वर खारट, ते घालायचं नाही. एसीच्या नळीखाली बादली ठेवायची. ते पाणी गोड आणि गार, रोज सकाळी एक पेला. खोली पंचवीसवर ठेवायची. म्हणजे इथे पाऊस नाही, धुकं नाही, तरी वेलाला फसवून पावसाळा द्यायचा. मृग लागला की पाणी सुरू, दिवाळीला पाणी बंद. मग पानं पिवळी पडतात, वेल वाळतो. घाबरायचं नाही. कंद झोपतो. त्याला झोपू द्यायचं.

आता फूल. बोटाएवढी नळी, खाली फुगीर, वर पाच पाकळ्या टोकाला जुळून कंदिलासारखा पिंजरा. आतून बारीक केस, सगळे खाली वळलेले. चिलटाएवढी माशी वासाला भुलून आत उतरते आणि केसांमुळे तिला वर चढता येत नाही. फुगीर भागाची भिंत पातळ, तिथून उजेड येतो. माशी बिचारी उजेडाकडे जाते, आणि उजेड नेमका बंद बाजूला. दिवसभराने केस गळतात, फूल मान टाकतं, माशी सुटते. फूल तिला खात नाही. नुसतं थांबवून ठेवतं.

हे मी कौतुकाने सगळ्यांना सांगायची.

२

हे, म्हणजे आमचे गोपीनाथ, अडतीस वर्षं अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या खिडक्या करत. दुबईतल्या निम्म्या इमारतींना माझ्या खिडक्या आहेत असं सांगायचे. निम्म्या नसतील, पण असतील पुष्कळ. तीन वर्षांपूर्वी विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग आपण रिटायर झालो हेच. जेवण झालं की बूट घालून दाराशी जायचे. "यल्ला, चला, गाडी आली." कंपनीची गाडी. बूट लपवले तर चपला, चपला लपवल्या तर अनवाणी.

मुलगा रणजित रुवैसला रिफायनरीत आहे, शुक्रवारी संध्याकाळी येतो, रविवारी परत. सून शर्वाणी दुबईला ऑफिसात. शारजा-दुबई रस्त्यावरच्या गर्दीपायी सकाळी सहाला निघते आणि संध्याकाळी सातला येते. नात पर्णिका शाळेतून तीनला. तोवर राखणीला मी. अंघोळ, संडास, गोळ्या, तोच प्रश्न चाळीस वेळा. मी काही देवी नाही. त्यांच्यावर ओरडले आहे, एकदा हातही उगारला आहे. खरं आहे म्हणून लिहिते.

ऑगस्टात मी न्हाणीघरात असताना ते निघून गेले. दीड तासाने पोलिसांनी आणून सोडलं. इत्तिहाद रोडच्या बस स्टॉपवर सापडले, ओठ फुटलेले, पायाला फोड. पोलीस पोरगा सभ्य होता, हिंदीत म्हणाला, अम्मा, बाबा को अकेला मत छोडना. जसं काही मी हौसेने सोडलं होतं.

त्या शुक्रवारी रणजित आला तो बोलायचं ठरवूनच.

"आई, अजून एकदा असं झालं ना, तर बाबांना पुण्याच्या सेंटरला ठेवायचं. खलास. तिथे नर्स असतात, डॉक्टर असतात."

"मग मलाही ठेव."

"तू नॉर्मल आहेस."

"तुला कोणी सांगितलं?"

तो हसला नाही. पन्नास वर्षांचा संसार, आणि हा मोबाइलवर सेंटरचे फोटो साठवून बसलेला. मी मनाशी पक्कं केलं, यांना इथून हलू द्यायचं नाही. त्यांना मी आठवत नसेन, मला ते आठवतात.

त्याच आठवड्यात ते एका दुपारी आपण होऊन मागच्या खोलीत गेले. खोली म्हणजे नऊ बाय दहाचं खोकं, पश्चिमेला खिडकी, खिडकीशी माझी खरपुडी, एक खुर्ची, इस्त्रीचं टेबल. खिडकीच्या पट्टीवरून बोट फिरवलं, म्हणाले, "कोणी केली ही? कोपरा उघडा राहिलाय." मग खुर्चीत बसले. बसून राहिले.

मी दारातून पाच वेळा डोकावले. शांत. दोन वर्षांनी पहिल्यांदा मी दुपारी आडवी झाले आणि मला झोप लागली.

३

मग तोच नेम झाला. जेवण, गोळ्या, मागची खोली. असरची, म्हणजे साडेतीन-चारची, बांग झाली की मी हाक मारायची, ते यायचे. वेलाला तेव्हा सात-आठ फुलं होती.

एके दिवशी चहा घेऊनच आत गेले. सव्वादोन वाजले होते, मी घड्याळ पाहिलं, कारण पर्णिकाचं जेवण काढायचं होतं. नंतर मला झोप लागली, उठले तर पावणेपाच. धावतच गेले. हाक मारली. ते बाहेर आले, हातात कप. ओट्याशी उभं राहून फुंकर मारली आणि एक घोट घेतला.

कपातून वाफ येत होती.

मी कप हातातून घेतला. चटका बसला. म्हटलं, कोणी गरम करून दिला? घरात पर्णिका, ती कानाला ते खुंटे लावून अभ्यासाला बसलेली. म्हणाली, "I didn't go anywhere, Aaji." ह्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, आत्ता तर गेलो. बसतोय तोवर तू बोलावलंस."

विसरणारी माणसं असंच म्हणतात. त्यांच्या म्हणण्याचं मला काही वाटलं नाही. चहाचं वाटलं.

मला कोणी काही शिकवलेलं नाही, त्यामुळे मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही, करून बघते. दुसऱ्या दिवशी पेल्यात बर्फाचे चार खडे टाकून यांच्या शेजारी टेबलावर ठेवला. तसाच दुसरा पेला बाहेर ओट्यावर. स्वयंपाकघरातही एसी असतो, दोन्हीकडे पंचवीस. असरनंतर बघितलं. ओट्यावरच्या पेल्यात कोमट पाणी. आतल्या पेल्यात चार खडे, कोपरे धारदार.

मी मनाला म्हटलं, खिडकीशी गारवा जास्त असेल. मग म्हटलं, ऑक्टोबरात, पश्चिमेच्या खिडकीशी?

पेले धुऊन पालथे घातले.

४

दर शुक्रवारी, रणजित यायच्या आत, मी यांची दाढी करते. त्या शुक्रवारी साबण लावला, वस्तरा फिरवला, आणि वस्तऱ्याला काही आलंच नाही. गाल आठवडाभरापूर्वी केले होते तसे. नखंही तशीच. पुढच्या शुक्रवारी थोडीशी खरखर, दोन दिवसांची असावी इतकीच.

डॉक्टरकडे तारीख होती. त्याने नेहमीचे प्रश्न विचारले, कागदावर घड्याळ काढायला लावलं. मागच्या वेळेपेक्षा खाली गेलेले नाहीत, म्हणाला. स्टेबल. रणजितने फोनवर ऐकलं आणि त्याचा आवाजच बदलला. म्हणाला, "बघ आई, इन्शाल्ला असंच राहिलं तर पुण्याचं नंतर बघू."

आता मला जे कळलं ते मी सरळ लिहिते. त्या खोलीत वेळ लागत नव्हता. ते आत बसत दुपारचेच, पण तो थांबलेला वेळ बाहेरही त्यांच्या अंगात राहत होता, म्हणून दाढी वाढत नव्हती, आजार पुढे सरकत नव्हता, आणि ते आत असेपर्यंत मी झोपत होते. यात भिण्यासारखं काय? मी भ्यायला हवं होतं. पण मी इतकी दमले होते की भीतीलासुद्धा अंगात जोर लागतो, तो माझ्याकडे नव्हता.

दिवाळी आली. पाणी बंद करायचे दिवस. एकदोन पानं कडेने पिवळी पडायलाही लागली होती. मी वेलाकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि पेला भरून पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी दोन पेले. पानं पुन्हा हिरवी झाली. आता ते सकाळी नाश्ता झाला की आत जायचे. मी अडवलं नाही.

डिसेंबरात इथे सगळे एसी बंद करतात, खिडक्या उघडतात. मी मागच्या खोलीचा बंद केला नाही. शर्वाणी म्हणाली, "आई, थंडी वाजतेय घरात, वेलासाठी एसी?" मी म्हटलं, मला उकडतं. खोटं. मी शाल पांघरून पाणी घालायला जात होते.

५

फुलं गळत नव्हती. हे माझ्या उशिरा लक्षात आलं, आणि त्याची मला लाज वाटते, कारण बघणं हेच तर माझं शिक्षण. एका फुलाच्या देठाला मी दिवाळीत लाल दोरा बांधला होता, तिथून पुढे वेल किती वाढतो ते कळावं म्हणून. नाताळ आला तरी ते फूल तसंच ताठ. भिंग आणि बॅटरी घेऊन मी खालच्या फुगीर भागात बघितलं. पातळ भिंतीतून एक माशी दिसली. जिवंत. भिंतीपाशी जाऊन धडकायची, मागे यायची, पुन्हा धडकायची. दुसऱ्या फुलात तसंच. अकरा फुलं, अकरा माश्या.

तेव्हा कळलं की खोलीत एक आवाज आहे. बारीक. गादीखाली कुणाचा मोबाइल थरथरत राहावा तसा. तो कधीपासून होता कोण जाणे.

शेजारची मैमुनाबी त्या दिवशी सांदण घेऊन आली. ती खेडची. तीस वर्षं आमच्या भिंतीला भिंत. माझ्याशी कोणी भांडू शकत असेल तर तीच.

"काय गो तानू, तुझा नवरा हल्ली दारात दिसत नाय. बांधून ठेवलंस की काय?"

मी म्हटलं, बसलेत मागे, बरे आहेत आता.

ती त्यांना सांदण द्यायला म्हणून निघाली आणि खोलीच्या दारातच थांबली. ताटली माझ्या हातात दिली. आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच हाक मारली, "गोपीभाऊ." आतून हे "ओ" म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. स्वयंपाकघरात आल्यावर हळू आवाजात म्हणाली, "तुझी खोली केवढी आहे गो?"

"तुझी आहे तेवढीच. नऊ बाय दहा."

"मग तो बोलला कुठून?"

मी तिला म्हातारी झालीस म्हटलं, कान तपासून घे म्हटलं. ती रागावली नाही, ते मला जास्त लागलं. जाताना म्हणाली, "मी तुला शानपण शिकवत नाय. पण त्याला बाहेर काढ."

ती गेल्यावर मी दारात उभी राहिले आणि हाक मारली. "अहो, या आता." ते लगेच उठले. खुर्चीवरून उठले आणि खिडकीकडे चालू लागले. काचेवर तळवा टेकला. थांबले. मागे येऊन बसले. मी पुन्हा हाक मारली. पुन्हा उठले, पुन्हा खिडकी. दार उघडं, मी दारात उभी, माझ्याकडे बघतसुद्धा होते. चौथ्या हाकेला मी एक पाऊल आत टाकून हात लांब केला, त्यांची बाही पकडली आणि ओढलं. त्यांच्या अंगाला जराही ऊब नव्हती, गारवाही नव्हता.

"अगं, येतोय ना," ते म्हणाले. आवाज जिन्याच्या तळातून आल्यासारखा. तोंड माझ्यापासून हातभर. मी बाही सोडली तेव्हा कुठे ते आपल्या पायांनी बाहेर आले.

६

मग मी सकाळचं बंद केलं. फक्त दुपारी, तेही तासभरच, असं ठरवलं. बघा, अजून मी ठरवत होते. पूर्ण बंद करायचं माझ्या मनात आलं नाही. दुपारची ती झोप मला सोडवत नव्हती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पर्णिका शाळेतून आली. तिची पट्टी इस्त्रीच्या टेबलावर राहिली होती. मी कणीक मळत होते, तिला आत जाताना पाहिलं, घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. हे तेव्हा बाहेर, माझ्यासमोर शेंगा सोलत बसलेले. कणीक मळून झाली. पोळ्या झाल्या. शेंगा संपल्या. असरची बांग होऊनही तास उलटला. मी म्हटलं, पोरगी गेली कुठे?

दाराशी गेले. ती खिडकीशी उभी, पाठमोरी, तळवा काचेला.

मी ओरडले. माझा आवाज कसा निघाला मला माहीत नाही, पण मैमुनाबीने भिंतीपलीकडून ऐकला. पर्णिका वळली, पट्टी हातात, आणि सरळ चालत बाहेर आली. कपाळाला आठ्या.

"What's your problem, Aaji? I just went in."

तिच्या मोबाइलवर तीन अकरा होते. माझ्या घड्याळात पाच वाजायला दहा कमी. आम्ही दोघी बघत असताना मोबाइलने आकडा बदलला, एकदम चार पन्नास, आणि मागोमाग निरोप यायला लागले, मैत्रिणींचे, क्लासच्या सरांचे, एकामागून एक, थांबेचनात. तिने एकदा मोबाइलकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग मराठीत म्हणाली, "आजी, मला भीती वाटतेय."

ती मराठीत बोलली म्हणजे खरंच भ्याली होती. मी तिला पोटाशी धरलं. पंधरा वर्षांचं कोवळं आयुष्य, आणि मी माझ्या झोपेसाठी त्या खोलीला पाणी घालत होते.

७

त्याच दिवशी पाणी बंद केलं, एसी बंद केला, खोलीला कुलूप लावलं.

कुलूप लावण्याआधी एक फूल तोडून बघितलं. वाटलं, हातानेच मोकळं करावं. ओट्यावर ताटलीत ठेवून नखाने नळी चिरली. आतली माशी भिंगाखाली जिवंत दिसली होती, पाय हलत होते. नळी उघडली, तर माझ्या पांढऱ्या ताटलीत चिमूटभर करडी पूड पडली. किती दिवसांची मेलेली असेल तेवढी कोरडी. म्हणजे ओढून काढलं की आतला साठलेला वेळ एकदम अंगावर येतो. मी यांची बाही धरून ओढली होती ते आठवलं.

फुलाने आपण होऊन सोडलं पाहिजे. त्यासाठी कंदाने झोपलं पाहिजे. त्यासाठी मी थांबलं पाहिजे, एवढंच.

पण ज्यांनी अडतीस वर्षं खिडक्यादारांची कामं केली त्यांना माझं कुलूप काय. नातीचं नाव विसरले, माझं विसरले, हात काही विसरले नव्हते. जेवणाचा चमचा घेऊन दोन मिनिटांत बिजागरीचे स्क्रू काढले आणि आत जाऊन बसले. मी दार पुन्हा बसवून घेतलं, त्यांनी पुन्हा काढलं. शेवटी मी दारात स्टूल टाकून बसायला लागले. हाक मारायची नाही, ओढायचं नाही, झोपायचं तर नाहीच. संध्याकाळी आपण होऊन यायचे, कधी सहाला, कधी सातला, शर्वाणीच्या चपला दारात वाजायच्या त्याच सुमाराला. ती विचारायची, बाबा झोपले होते का? मी हो म्हणायची.

दोन आठवडे वेल हिरवाच. तिसऱ्या आठवड्यात खालची पानं पिवळी झाली.

तो मंगळवार होता. हे जेवून आत गेले. मी स्टुलावर. बांग झाली, आणि त्यानंतर थोड्या वेळाने लाल दोऱ्याच्या फुलाने मान टाकली. अगदी हळू, दमलेल्या माणसाने टाकावी तशी. मग शेजारच्या फुलाने. मग बाकीच्यांनी. तो बारीक आवाज विरत गेला आणि थांबला. कितीतरी महिन्यांनी मला त्या खोलीत रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले.

हे उठले आणि दाराकडे वळले.

आता मी जे बघितलं तेवढंच लिहिते. नऊ फुटांची खोली आहे, पण त्यांना दारापर्यंत यायला फार वेळ लागला. सुरुवातीला ते लहान दिसत होते, लांबच्या लांब रस्त्याच्या टोकाला एखादा माणूस दिसतो तेवढे. चालत होते, थांबत नव्हते. लांब होते तेव्हा गाल गुळगुळीत होते. जवळ येत गेले तशी हनुवटी काळवंडली, मग पांढरी झाली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते उंबऱ्यात होते आणि दाढी छातीला लागली होती. हाताची नखं वळलेली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, इथे कोणाचं घर आहे?"

मी म्हटलं, तुमचंच. या.

८

शर्वाणी यायच्या आत दाढी केली, नखं काढली, केस पुडक्यात बांधून कचऱ्याच्या शूटमध्ये टाकले. दाढी काढल्यावर वरच्या ओठावर, नाकाच्या जरा खाली, दोन पिवळे कण दिसले. एकमेकांना चिकटलेले, खसखशीएवढे. पुसले, निघाले नाहीत. साबण, खोबरेल, नख, काही चाललं नाही. दुखत नाहीत, रक्त नाही. आहेत.

एक गोष्ट मी वर लिहिली नाही, कारण तेव्हा कौतुकात मी ती नेहमीच गाळायची. फूल माशीला सोडतं ते दया येऊन नाही. सुटताना ते तिच्या तोंडाला परागांचं पुडकं चिकटवतं. पिवळं, जोडीचं. माशी तशीच उडते आणि दुसऱ्या फुलात उतरते. त्यासाठीच तर थांबवलेलं असतं.

मागच्या खोलीकडे हे आता बघतही नाहीत. कंद तिथेच कोरड्या वाळूत आहे. मी तो देणार नाही, फेकणारही नाही, कारण फेकला तर कुठे रुजेल कोणी सांगावं. हे आमच्या झोपायच्या खोलीत, पलंगाच्या कडेला, खिडकीकडे तोंड करून बसतात. बोलणं जवळजवळ थांबलं. पाच महिन्यांचा आजार एका दुपारी आला.

शुक्रवारी रणजितने पाहिलं आणि बाहेर जाऊन डोळे पुसून आला. मग मोबाइल घेऊन त्यांच्या शेजारी बसला. लहान मुलाला दाखवावं तसे सेंटरचे फोटो दाखवायला लागला. लांबच लांब हॉल, दोन्ही बाजूंना पलंग, टोकाला भिंतभर एकच खिडकी. म्हणाला, "बघा बाबा, किती उजेड आहे."

यांनी वाकून फोटो बघितला. चार दिवसांत पहिल्यांदा कशाकडे तरी नीट बघितलं. खिडकीवर बोट ठेवलं.

"किती जण आहेत?"

रणजितला बाप बोलला याचाच आनंद. "बत्तीस, बाबा. तुम्ही तेहतिसावे."

यांनी मान हलवली. वरच्या ओठावरून जीभ फिरवली.

मी रणजितला स्वयंपाकघरात नेलं. काय सांगणार होते त्याला? शिकलेला माणूस, रिफायनरीत मोठ्या हुद्द्यावर. त्याला माशी आणि फूल सांगितलं असतं तर दुसरं तिकीट माझ्या नावाने काढलं असतं. म्हणून एवढंच सांगितलं की पुण्याचं रद्द कर. तुझे बाबा कुठेही जाणार नाहीत आणि यांच्या खोलीत माझ्याशिवाय कोणी यायचं नाही, पर्णिका तर नाहीच. त्याने वाद घातला, हिशेबाच्या गोष्टी केल्या, शर्वाणीला बोलावलं. मी हलले नाही. मला हलवणं सोपं नाही हे त्याला जन्मापासून माहीत आहे.

तेव्हापासून मी दुपारी त्यांच्याजवळ पलंगावर बसते. बत्तीस जणांच्या खोलीत जाण्यापेक्षा त्यांनी एकीच्या खोलीत राहावं, हा माझा हिशेब आहे. पहिल्या दिवशी मोजून पाच मिनिटं बसले. उठले तेव्हा शर्वाणी ऑफिसातून आलेली होती. पण खरं सांगते, दोन वर्षं ठणकणारी माझी कंबर त्या पाच मिनिटांत दुखली नाही. गुडघे नाहीत, डोकं नाही. हे आपला हात माझ्या हातात देतात. खिडकीतून उजेड येतो.

परवा रणजित निघताना दाराबाहेरून म्हणाला, "आई, तू एकटीने कसं करणार? दमशील गं."

मी आतूनच म्हटलं, "आता नाही दमणार."